सर, सूचीत टाकायला पुस्तकं द्या की

फेब्रुवारी उजाडला की सांगलीत नव्या हळदीचे सौदे सुरू होतात आणि आमच्या कॉलेजात प्रकल्प जमा करायची तारीख जवळ येते. हळद निदान शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात आणतात. प्रकल्प ओलाच येतो.

मी ग्रंथपाल. एरवी वाचनालयाच्या दाराला वळसा घालून कॅन्टीनला जाणारी पोरं या दिवसांत काउंटरवर झुंबड करतात. मागणी ठरलेली. "सर, संदर्भसूचीत टाकायला पाच पुस्तकं द्या की." विषय काय म्हणून विचारलं तर, "कुठलंबी चालंल, जाड असू द्या." पुस्तक घरी न्यायचं नसतंच. नाव-प्रकाशकाचं पान उघडायचं, मोबाइलवर फोटो काढायचा आणि पुस्तक तिथल्या तिथं परत. रजिस्टरला तोशीस नाही.

सूची कशाला लागते, हे मी दरवर्षी सांगतो. तुमच्या विधानाबद्दल कुणाला शंका आली तर त्याला ते पुस्तक, ते पान गाठता यावं, एवढंच तिचं काम. मजकुरात कंसात आडनाव आणि वर्ष, शब्दशः उतारा असेल तर पानही. शेवटी सूचीत तोच लेखक सविस्तर. मजकुरात जो आहे तो सूचीत हवा आणि सूचीत जो आहे तो मजकुरात दिसला पाहिजे. पोरं मान डोलावतात आणि विचारतात, "पण सर, किती पायजेत?"

त्यात प्रत्येक विभागाची तऱ्हा वेगळी. मराठीच्या मॅडमना तळटिपा हव्यात, त्यात ‘तत्रैव’ हवं, म्हणजे आधीच्या टिपेतलंच पुस्तक. एका फाइलमध्ये पहिलीच तळटीप ‘तत्रैव, पृ. 43’ अशी होती. तिच्या आधी कुणीच नाही. अर्थशास्त्राच्या सरांना एपीए हवं, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत. या मानसशास्त्रज्ञांनी 1929 साली लेखनाच्या सूचना पहिल्यांदा छापल्या त्या अवघी सात पानं भरल्या. त्याच साली कृष्णेवर आमचा आयर्विन पूल खुला झाला. पूल आजही तेवढाच आहे; सूचना सातव्या आवृत्तीत चारशे पानांच्या पुढं गेल्या.

एकाच आडनावाचे दोन लेखक आले तर मजकुरात आद्याक्षरंही द्यावीत, असा त्यात एक नियम आहे. अमेरिकेत तो अडीनडीला लागत असेल. सांगली जिल्ह्यात पाटलांच्या कृपेनं त्याला सुट्टीच नाही. क्षीरसागरांचं दुखणं वेगळं. शाळेतल्या मुळाक्षरांत ‘क्ष’ पार शेवटी, आणि कॉम्प्युटर त्याला नेऊन ‘क’मध्ये बसवतो. जुन्या पुस्तकावर सालाच्या जागी नुसतं ‘गुढीपाडवा, शके 1905’. त्यात 78 मिळवायचे, 1983 येतं. तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर 79. प्रकाशनाचं गाव द्यायची गरज सातव्या आवृत्तीनं काढून टाकली, हे फार बरं झालं. आपला जिल्हा 1949 पासून 1960 पर्यंत ‘दक्षिण सातारा’ होता. त्या काळातल्या पुस्तकावरचा पत्ता वाचून पोरांनी मला साताऱ्याला पिटाळलं असतं.

अलीकडं नवं संकट आलंय. एक मुलगा छापील यादी घेऊन आला. लेखक खरा, प्रकाशन खरं, साल पटण्यासारखं. कपाटं धुंडाळली, दुसऱ्या ग्रंथालयांच्या सूच्या बघितल्या, शेवटी एका जुन्या विक्रेत्याला फोन लावला. पुस्तक जन्मालाच आलेलं नव्हतं. यादी एआयनं करून दिली होती. मुलगा शांतपणे म्हणाला, "मग सर, ते नसलेलं राहू दे, दुसरं कुठलंबी द्या."

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमांत उचलेगिरीच्या पायऱ्या ठरवल्यात. दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही. साठाच्या वर गेलं तर संशोधकाची नोंदणीच रद्द. मात्र साम्य मोजताना संदर्भसूची वगळतात. बाकी नियम कुणाला ठाऊक नसले तरी एवढी तरतूद पोरांना तोंडपाठ आहे.

आणि ज्यांच्याकडं अस्सल माहिती असते त्यांची वाट अडते, ती अशी. एका मुलीचा प्रकल्प हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांवर होता. तिचे आजोबा जन्मभर पेवांवर राबलेले. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र मोठं. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. 2005च्या महापुरात पाणी कसं शिरलं. हे सगळं तिनं झकास लिहिलं होतं. आजोबांचं नाव मात्र सूचीत नव्हतं, आणि एपीएप्रमाणं ते बरोबरही होतं. तोंडी ऐकलेलं म्हणजे वैयक्तिक संवाद. त्याचा उल्लेख फक्त मजकुरात करायचा, कारण वाचणाऱ्याला तो गाठता येत नाही. सरांनी शेरा मारला होता, ‘ग्रंथाधार द्या.’

"सर, पेवावर एखादं जाड पुस्तक हाय का?" तिनं विचारलं.

म्हटलं, अगं, पुस्तक कशाला? आजोबांची मुलाखत रेकॉर्ड कर, लिहून काढ, त्यांची सही घे आणि एक प्रत इथं जमा कर. दाखल क्रमांक पडला की आजोबा कुणालाही गाठता येतील. मग खुशाल सूचीत घाल.

तिनं आठवड्याच्या आत केलं. आपलं नाव कुठं लागलंय ते बघायला आजोबा स्वतः आले. चष्मा पुसून सूचीवरून बोट फिरवत ‘पाटील, म.’वर थांबले, मग त्याच्या वरची ओळ वाचली. ‘पाटील, ग.’ एका अडत्यानं व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत लिहिलेला लेख होता तो.

"ह्यो माझ्या वर कसा?"

"अकारविल्हे लावलंय आजोबा. त्यांचा ‘ग’, तुमचा ‘म’."

"तोलाईच्या वक्तालाबी असंच कायतरी सांगायचा बघा," आजोबा म्हणाले.