रिकाम्या पोटी

लॅब्राडोरचं पोट नेमकं कधी रिकामं असतं, हे पशुवैद्यकाच्या एखाद्या पुस्तकात लिहिलेलं असेल तर मला ते पान बघायचं आहे. आमच्या बाळूच्या चिठ्ठीवर मात्र डॉक्टरांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास.' बाळूच्या आयुष्यात 'जेवणाआधी' असा काळच नाही. एक जेवण संपलं की दुसऱ्याची वाट बघणं सुरू, आणि वाट बघता बघता तोंडाला लागेल ते आत. चपातीचा तुकडा, बाबांचा मोजा, एकदा तर देवघरातलं निर्माल्य.

या सगळ्याला कारण वसंतमामा. बाळू आता म्हातारा झालाय, मागचे पाय धरतात, जिना चढताना मध्येच थांबतो. मामा कुणाच्याशा लग्नाला सांगलीत आला, आमच्याकडे उतरला आणि त्याला ते बघवेना. मामाच्या बॅगेत कपडे कमी आणि गोळ्या जास्त. त्याने स्वतःची गुडघेदुखीची गोळी, डायक्लोफेनॅक, पेढ्यात दाबून बाळूला चारली. कुणाला न सांगता, दोन्ही वेळ. बाळू पळायला लागला हेही खरं. "बघ, औषध असं पाहिजे," असं मामा जाताना मोघम बोलला, तेव्हा तो स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलतोय असं आम्ही समजलो.

मग एका सकाळी बाळूने जेवणाकडे पाठ फिरवली. आमच्या घरात याहून मोठा धक्का आजवर बसलेला नाही. दोन उलट्या झाल्या, आणि दुपारी अंगणात शी केली ती डांबरासारखी काळी. बाबांनी तिचा फोटो काढला, इथवर ठीक. पण तो डॉक्टरांना पाठवायच्या ऐवजी फॅमिली ग्रुपवर गेला. आत्याने न बघताच दोन्ही हात जोडले. एका चुलत भावाने 'अभिनंदन' लिहिलं.

डॉक्टरांनी मात्र फोटो नीट बघितला. काळी शी म्हणजे पोटात वरच्या भागात रक्त येतंय आणि ते पचून खाली उतरतंय. "घरात कुणी दुखण्याची गोळी दिली का?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे एकसुरात 'छे' म्हणालो, आणि त्याच क्षणी आईचा चेहरा बदलला. तिने तिथेच मामाला फोन लावला, स्पीकरवर.

"अगं एवढीशी तर गोळी," मामा म्हणाला. "मी किती वर्षं खातोय!"

"काका, तुम्ही खाताय त्याचंही एकदा तुमच्या डॉक्टरांशी बोला," डॉक्टर फोनकडे वाकून म्हणाल्या आणि मग त्यांनी आमची शिकवणी घेतली. पोट स्वतः मांसाचं, आत मांस पचवणारं ॲसिड, तरी ते स्वतःला खात नाही, कारण आतून चिकट थर असतो. तो थर आणि तिथला रक्तपुरवठा राखायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. सांध्यातली सूज आणि दुखणं यातही त्यांचाच हात. दुखण्याची गोळी त्यांना सरसकट बंद करते. गुडघा खूश, पोट उघडं. माणसाला हे जितपत सोसतं तितपत कुत्र्याला सोसत नाही, आणि मांजराला तर साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. "आणि डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे," त्या म्हणाल्या. "गुरांना देत होते, मेलेली गुरं गिधाडं खायची, आणि तीच मरायला लागली."

"म्हणजे दादाने गिधाडंपण मारली?" आईने विचारलं.

मामा अजून फोनवर होता.

औषधं दोन. एक ॲसिड दाबणारी ओमेप्राझोलची कॅप्सूल, दुसरं सुक्रालफेट, बाटलीतलं पातळ. आमच्या गावात ही औषधं माणसांच्याच मेडिकलमध्ये मिळतात. काउंटरवरच्या पोराने पेशंटचं नाव विचारलं, मी बाळू सांगितलं. वय? दहा. त्याने कॅप्सूलवरचा आकडा वाचला आणि दहा वर्षांच्या मुलाला एवढं कसं, म्हणून चष्म्यावरून बघायला लागला. वजन तीस किलो आहे म्हटलं, तर म्हणाला, "मग खाण्यावर जरा कंट्रोल ठेवा, मॅडम." वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मान डोलावली. सुक्रालफेटच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मात्र तिथेच उभं राहून वाचली, कारण साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं कुठलंही औषध कुत्र्याला चालत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

आता वेळापत्रक. ओमेप्राझोलला खाण्याआधी अर्धा तास हवा. पोटाच्या अस्तरात ॲसिड सोडणारे पंप असतात, खरंच पंपच म्हणतात त्यांना, आणि जेवण येतंय म्हटलं की ते चालू होतात. औषध चालू पंपालाच धरतं, बंद पंपाला नाही. आमच्या भागात शेतीच्या पंपाला वीज कधी येते याच्यावर माणसाची झोप ठरते, त्यामुळे हा भाग बाबांना एकदम पटला. "म्हणजे लाईट यायच्या आधी मोटरीपाशी जाऊन बसायचं," ते म्हणाले. सुक्रालफेटचं वेगळंच. ते ॲसिडमध्ये घट्ट चिकट होतं आणि जखमेवर जाऊन बसतं, पण त्याच्या तावडीत दुसरं औषध सापडलं तर त्यालाही धरून ठेवतं. म्हणून त्याच्या आणि इतर गोळ्यांच्या मध्ये दोन तास. शिवाय तेही रिकाम्या पोटी. शिवाय जेवण थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.

मी कागद घेऊन बसले. नोकरीत मी लोकांच्या शिफ्टा लावते, पण चार जेवणं, दोन कॅप्सुली आणि तीन वेळचं पातळ औषध चोवीस तासांत असं बसवायचं की पोट सारखं रिकामं असेल, हे गणित मला सुटेना. संकष्टीला चंद्रोदयाचं मिनिट धरून बसणारी माझी आई, तिनेही कागद बघून हात टेकले. शेवटी एक वेळ पहाटे पाचची निघाली. ती माझ्या वाट्याला आली.

गोळी देणं हा वेगळा कार्यक्रम. ही कॅप्सूल फोडायची नाही, आतले दाणे कुटायचे नाहीत, कारण त्या दाण्यांवरचं आवरण ॲसिडपासून औषधाला वाचवतं. कुटलं तर औषध पोटातच फुकट जातं. म्हणजे कॅप्सूल अख्खी आत गेली पाहिजे. तुपात माखलेल्या चपातीच्या एवढ्याशा गोळीत ती लपवली. बाळूने गोळी तोंडात घेतली, डोळे मिटले, जबडा दोनदा हलवला, आणि ओठाच्या कोपऱ्यातून कॅप्सूल फरशीवर ठेवली. टाकली नाही, ठेवली. चपातीचा कण नाही, तुपाचा डाग नाही, वर लाळेची चकाकी. मग माझ्याकडे बघून शेपूट हलवली. जो प्राणी मोजा बघून खात नाही, त्याला तुपातली कॅप्सूल बरोबर वेगळी काढता येते. शेवटी जिभेच्या मुळाशी ठेवून, तोंड बंद करून गळा चोळायचा आणि वर थोडं पाणी पाजायचं, हाच मार्ग उरला. सुक्रालफेट सिरिंजने गालात सोडायचं होतं. त्यातलं निम्मं गालात जायचं आणि निम्मं फ्रिजच्या दारावर. बाळूच्या काळ्या मिशांवर त्याचा पांढरा थर वाळून राही, त्यामुळे तो दिवसभर चोरून ताक प्यायल्यासारखा दिसायचा.

खरा छळ मात्र मधला अर्धा तास. कॅप्सूल गेली की बाळू ओट्याखाली बसून माझ्याकडे बघायचा. भुंकणं नाही, कुरकुर नाही, फक्त बघणं. लाळेची तार हळूहळू लांब होत फरशीला टेकायची. तिकडे आई 'गरम नको, थंड दूध दे, कोकम दे, पोटात थंडावा पडेल' म्हणत मागे उभी. डॉक्टरांनी दोन्हीला नाही म्हटलंय, हे तिला रोज नव्याने सांगावं लागे.

या सगळ्यात बाबा दुखावले गेले. ते गेली कित्येक वर्षं पँटोप्राझोल, म्हणजे ओमेप्राझोलचाच भाऊ, घेतात, सकाळी चहाबरोबर, कुणी सुरू केली ते त्यांना आठवत नाही. 'बाकीच्या गोळ्या पोटाला लागू नयेत म्हणून.' आमच्याकडे कुठलंही औषध एकटं येत नाही, सोबत पोटाची गोळी येतेच. मुंजीत बटूबरोबर मामा येतो तशी. बाबांचं म्हणणं, मला दिवसातून एकदा आणि कुत्र्याला दोनदा का? डॉक्टर म्हणाल्या, कुत्र्या-मांजरांत एका डोसाने दिवसभर ॲसिड पुरेसं दबत नाही. मग बाबांनी विचारलं, मी चहाबरोबर घेतो ते चालतं ना? डॉक्टरांनी फक्त बाळूच्या डोक्यावरून हात फिरवला.

आई अशी गप्प बसणारी नाही. आमची मांजर, ठमी, महिन्यातून एखाद्या वेळी गालिच्यावर केसांचा गुंडा ओकते, आणि ओकायला गालिचाच निवडते. आई तिला पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन आली. "हिलापण पित्त आहे. निदान रॅनिटिडीन तरी लिहून द्या, साधं असतं."

"काकू, तिने अंग चाटलंय, केस गेलेत पोटात. तिला पित्तबित्त काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. वर हेही, की रॅनिटिडीनचा कुत्र्यांवर अभ्यास झाला तेव्हा ते आणि नुसतं सलाईन यांत फरक दिसला नव्हता. त्याच जातीचं फॅमोटिडीन चालतं, पण रोज दिलं की त्याचाही जोर ओसरतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली या औषधांबद्दल एकमताचं टिपण काढलं, त्याचा सूर एवढाच, की कारण असेल तर नीट द्या, आणि कारण नसेल तर उगाच देऊ नका. आई चिठ्ठीशिवाय परत आली. चिठ्ठी न देणारा डॉक्टर तिने पहिल्यांदाच बघितला, आणि फी घेतली म्हणून तिला त्या शिकलेल्या आहेत की नाहीत अशी शंका आली. मला मात्र बाई तेव्हापासून फार आवडतात.

बाळू सावरला. शी तपकिरी झाली. त्याचा फोटो बाबांनी ग्रुपवर टाकला, आणि या वेळी आत्याने तो बघितला. महिनाभर घेतलेलं औषध एकदम तोडायचं नसतं, तोडलं तर ॲसिड दुप्पट जोमाने उसळतं. म्हणून दिवसाला एक, मग दिवसाआड एक असं करत ते थांबवलं. पायांसाठी आता दुसरं औषध आहे, कुत्र्यांसाठीचं, मापून, जेवणाबरोबर, आणि रक्ततपासणी करून. शेवटच्या पट्टीत थोड्या कॅप्सुली उरल्या, त्या आईने स्टीलच्या डब्यात ठेवल्या.

परवा मामा बारशाला आला. सकाळी मिसळ, दुपारी पुरणपोळी, आणि रात्री आमच्याकडे मटणाचा बेत. तांबडा रस्सा उकळत होता तेव्हा मामा छाती चोळत स्वयंपाकघरात आला. आईने डबा उघडला, कॅप्सूल काढून त्याच्या हातावर ठेवली, पाणी दिलं आणि पाट उचलून भिंतीला लावला.

"आता अर्धा तास काही खायचं नाही."

"अगं, रस्सा गार होईल!"

"होऊ दे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"बाळूच्या."