कावळे पण लिहा हो!

आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर परवा परत तेच झालं. एका पोराने सकाळच्या फेरीची ईबर्डची (दिसलेले पक्षी नोंदवायचं ॲप) लिस्ट टाकली, कावळे, साळुंक्या, पारवे, दोन घारी, एक खंड्या, एवढंच. लगेच एक जण खाली, "भावा काहीतरी भारी दिसलं तर टाक ना, कावळे काय आमच्या गॅलरीतून पण दिसतात." त्यावर हसण्याच्या इमोज्यांची रांग. पोरगं गप्प बसलं बिचारं.

अरे गॅलरीतून दिसतात ना, मग लिहितोस का कधी? नाही ना? तिथेच तर सगळी बोंब आहे.

गिधाडांचं काय झालं आठवा. ८० च्या दशकापर्यंत गिधाडं इतकी होती की ती मोजायची असतात हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं, मेलेलं जनावर पडलं की वर घिरट्या सुरू. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) विभू प्रकाश यांनी राजस्थानातल्या भरतपूरला त्या काळात गिधाडांच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या म्हणून ९० च्या दशकात तिथेच परत मोजल्यावर कळलं की घरटी रिकामी पडतायत आणि गिधाडं मरतायत. आधीचा आकडाच नसता तर "पूर्वी जास्त असायची बुवा" यापलीकडे कुणी काय बोलणार होतं? जनावरांना दिलं जाणारं आणि मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, हे कारण सापडेपर्यंत २००४ उजाडलं, २००६ मध्ये आपल्याकडे त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, आणि तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. बाकी पक्ष्यांच्या अशा जुन्या नोंदी किती आहेत आपल्याकडे? फार थोड्या.

आता लिस्टचं गणित. पक्षी किती आहेत हे कुणी देशभर फिरून एकेक करून मोजत नाही, ते शक्यही नाही. बघतात काय, तर एखाद्या भागातल्या १०० पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांमध्ये चिमणी आहे. आज ६० मध्ये असेल आणि दहा वर्षांनी ४० मध्ये, तर काहीतरी बिनसलंय. पण हे कधी चालतं, तर तुम्ही ओळखलेले सगळेच्या सगळे पक्षी लिहिले असतील तर. लिस्ट सबमिट करताना ॲप विचारतं ना, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का, तो प्रश्न त्यासाठीच आहे, उगाच होय दाबून पुढे पळायचं नाही. तुम्ही फक्त लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, मिळाला की तेवढाच एक टाकणार असाल तर बाकीचे दिसले नाहीत की दिसूनही लिहिले नाहीत, हे समजायला मार्गच उरत नाही. आणि आकडा टाका, नुसता एक्स (म्हणजे दिसला, पण किती ते मोजलं नाही) नको, वीसेक वाटले तर वीस लिहा, चालतं.

२०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा रिपोर्ट असाच झाला. ३० हजारांवर हौशी लोकांच्या साधारण तीन कोटी नोंदी, ९४२ जातींचा विचार. ज्या ३३८ जातींबद्दल लांब पल्ल्याचं काही सांगता आलं त्यातल्या ६० टक्के घटलेल्या. त्यात आपला नीलपंख आहे! दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ म्हणतात तो, तारेवर बसलेला दिसला तर आपण गाडीसुद्धा थांबवत नाही. उलट चिमणी, जिच्या नावाने दर मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर रडारड चालते, ती देशभराचा विचार केला तर बऱ्यापैकी टिकून आहे असं २०२० च्या रिपोर्टमध्ये आलं, घटली ती मोठ्या शहरांत. म्हणजे ज्याच्यासाठी रडतोय तो तसा ठीक आणि ज्याच्याकडे लक्ष नाही तो चाललाय, हे बसल्या जागी अंदाजाने कुणाला कळलं असतं?

मोठ्या लेन्स घेऊन पक्ष्यांच्या फोटोंमागे फिरणाऱ्यांवर माझा राग नाही. म्हणजे थोडा आहे, स्पीकरवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढतात त्यांच्यावर तर भरपूर आहे, पण ते वेगळं. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जरूर जा, पण वर्षातून एकदा भिगवण आणि घरामागच्या ओढ्यावर महिन्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं, यात मला ओढा जास्त मोलाचा वाटतो. तीच जागा, तोच रस्ता, परत परत. कंटाळवाणं आहे, मान्य.

"हौशी लोक चुका करतात" हेही नेहमी ऐकवलं जातं. करतात की. म्हणून तर विचित्र नोंद आली की ती अडकते आणि नोंदी तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा मेल येतो, बाबा फोटो आहे का, नक्की हाच का, आणि मग आमचे काही सीनियर लोक रुसून बसतात की मला विचारतो हा कोण! अहो विचारू द्या की, त्यासाठीच तो बसलाय तिथे.

मला खरी काळजी वेगळीच आहे. पुण्या-मुंबईत याद्यांचा ढीग पडतो आणि मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात वर्ष वर्ष कुणी काही टाकत नाही. आणि नेमके माळरानावरचे पक्षी, चंडोल, धाविक वगैरे, सगळ्यात वाईट अवस्थेत आहेत, आणि माळ तर तिकडेच आहेत. सरकारदरबारी ती पडीक जमीन, झाडं लावा नाहीतर सोलर टाका. तिथे काय राहत होतं याची एक साधी यादीसुद्धा नसेल तर विरोध तरी कशाच्या जोरावर करणार? गावाकडे सुट्टीला जाता ना, तेव्हा सकाळी माळावर अर्धा तास काढा.

फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे सगळ्यांनी मिळून पक्षी मोजायचा उपक्रम, असतो, किमान पंधरा मिनिटांची लिस्ट चालते. आमच्याकडे एक जादा दुर्बीण आहे, कुणाला यायचं असेल तर मेसेज करा. त्या गॅलरीवाल्या मित्राला पण बोलावलंय, पारवे मोजायचं काम त्याच्याकडे.