'फुकट आहे म्हणून गेलात' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लंडनच्या केनवुड हाऊस या जुन्या घरातल्या चित्रसंग्रहालयावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. तुमचं म्हणणं असं की मी तिथे 'फुकट आहे म्हणून' गेलो आणि आता चित्रकलेवर ज्ञान देतोय, शिवाय घरातलं मूळ सामान कधीच विकलं गेलं, चित्रं बाहेरून आणून टांगलीत, मग हे ऐतिहासिक घर कसलं.

आधी माझी चूक. डच चित्रकार व्हर्मीरचं 'गिटार प्लेयर' हे चित्र केनवुडमधून चोरीला गेलं ते 1974 मध्ये, माझ्याकडून 1947 टाइप झालं. दुरुस्त केलंय, आभार. पण त्यासाठी 'निदान गूगल तरी करायचं' हे लिहायलाच हवं होतं का?

आता फुकट. हो, फुकट आहे म्हणूनच गेलो, आणि त्यात मला काडीची लाज वाटत नाही. गिनेस दारूवाल्या घराण्यातल्या लॉर्ड आयव्हा यांनी 1925 मध्ये हे घर विकत घेतलं, 1927 मध्ये ते वारले, आणि घर, भोवतीची जमीन, रेम्ब्रां-व्हर्मीर-गेन्सबरोंसकट आपली चित्रं देशाला देऊन गेले, लोकांना ती फुकट बघायला मिळावीत म्हणून. म्हणजे फुकट हाच त्या देणगीचा गाभा आहे हो! तुम्ही नेमकं तेच टोमणा म्हणून वापरलंत.

माझे वडील सातारा जिल्ह्यात शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं घरी यायची, त्यांच्याकडून एक पैसा घेतला नाही कधी. दर दिवाळीच्या सुट्टीत ते मला एसटीने औंधला न्यायचे, यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात, आणि रविवर्म्याच्या चित्रापुढे उभं करून म्हणायचे, काही बोलू नको, आधी हात बघ. केनवुडला रेम्ब्रांच्या सेल्फ पोर्ट्रेटपुढे, म्हातारा, डोक्यावर पांढरी टोपी, मागे भिंतीवर दोन अर्धवट वर्तुळं, मी आधी हातच बघितले. ते नीट रंगवलेलेच नाहीत, नुसते चारदोन फटकारे. वडील जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी तिथे बाकावर बसून रडलो. पंधरावीस पौंडांचं तिकीट असतं तर दर महिन्याला जाणं मला तरी जमलं नसतं. 'ज्ञान' म्हणालात ना, ते मला असं मिळालंय, आणि तुम्ही माझ्याबद्दल काहीही माहीत नसताना एका ओळीत ते धुवून काढलंत. चर्चा करायची ही पद्धत नाही.

राहिला मूळ सामानाचा मुद्दा. 1922 मध्ये लिलाव झाला, माहितीय मला. पण वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲडमने घराचे अठराव्या शतकातले मालक लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यासाठी बांधलेली लायब्ररी आणि तिचं छत जागच्या जागी आहे, बास, मला तेवढं पुरतं. त्यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही. बाकीच्या तीन-चार ओळींना उत्तर देत बसत नाही.

पुढची कमेंट जरा नीट भाषेत लिहिलीत तर जरूर अप्रूव्ह करेन. आणि एकदा खरंच जाऊन या, उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या माळरानाच्या वरच्या टोकाला आहे.