‘विषाणूला उपाशी मारा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

‘विषाणू साखरेवर जगतो. ताप आला की तीन दिवस कडक लंघन करा, पाणीही घोटभरच. विषाणू उपाशी मरतो आणि पचनाची वाचलेली ताकद प्रतिकारशक्तीला मिळते. पॅरासिटामॉल विष आहे. लिंबू पिऊन रक्त अल्कलाइन करा.’

हा मेसेज माझ्या मधुमेही मावशीने पाळला. जेवण बंद, साखर कमी करणारी गोळी मात्र चालू. पहाटे घामाने चिंब, बोलणं असंबद्ध, ग्लुकोमीटरवर 48, म्हणजे साखर धोकादायक खाली.

मुळात विषाणू काही खात नाही. त्याला स्वतःचा चयापचयच नाही. तो आपल्या पेशीची यंत्रणा वापरतो. अर्धं खरं एवढंच की विषाणू शिरलेली पेशी बरेचदा जास्त ग्लुकोज ओढते. त्याच आधारावर डीआरडीओच्या 2-डीजीला (ग्लुकोजची नक्कल करून त्याचा वापर अडवणारं औषध) मे 2021 मध्ये कोविडसाठी आपत्कालीन मान्यता मिळाली होती, पण ती रुग्णालयातल्या रुग्णांना, इतर उपचारांच्या जोडीने द्यायला.

आणि तेच ग्लुकोज आपल्या पेशींनाही लागतं! विषाणूची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन नावाची इशारा देणारी प्रथिनं सोडतात, आजूबाजूच्या पेशी शेकडो जनुकं चालू करून विषाणूरोधी प्रथिनं बनवतात. हे फुकट होत नाही. ताप एक अंश सेल्सिअस चढला तरी शरीराचा ऊर्जाखर्च सुमारे 10 टक्के वाढतो.

येल विद्यापीठातल्या रुस्लान मेझितोव्ह यांच्या गटाने 2016 मध्ये ‘सेल’ या शोधपत्रिकेत छापलेला प्रयोग वाचा. लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांना उपास मानवला. इन्फ्लुएन्झाच्या उंदरांना मात्र खाणं तारक ठरलं, आणि 2-डीजीने ग्लुकोजचा वापर अडवल्यावर ते मेले. विषाणूंच्या संख्येत विशेष फरक नव्हता. ग्लुकोजविना पेशींना दाहाचा ताण सोसला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. पण मेसेजवाल्यांकडे तेवढंही नाही.

शिवाय उपासाने रक्तातली साखर संपत नाही. यकृतातला साठा साधारण दिवसभरात सरला की शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडून साखर बनवतं. म्हणजे झिजतो तो रुग्ण.

लिंबाने रक्त अल्कलाइन होत नाही. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 7.35 ते 7.45 मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालतं. डेंग्यूची शंका असताना टाळायचं ते अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन. आणि डेंग्यूत पाणी तोडणं सरळ जिवावर बेतू शकतं.

भूक नसताना बळेच जेवू घालू नये, एवढं मान्य. मग पेज द्या, वरणाचं पाणी द्या. आणि इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असलेल्या माणसाचं खाणं कमी झालं, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना फोन करा.