ती काजळी नाही, काका

मागच्या लेखात मी माझ्याकडच्या दोन कागामिबुतांचे, म्हणजे धातूचं झाकण असलेल्या छोट्या जपानी कमरगुंड्यांचे, फोटो टाकले होते. त्यावर एका काकांची खरमरीत प्रतिक्रिया आली. त्यांच्या घरात तीन पिढ्या पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम झालेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: झाकणावर शंभर वर्षांची काजळी बसलीय, ती काढायचे कष्टसुद्धा मी घेतलेले नाहीत. झाकणाच्या धातूत शंभरात चार भाग सोनं म्हणजे तांबंच, त्यासाठी एवढे पैसे मोजणं हा शुद्ध वेडेपणा. १८७६च्या तलवारबंदीतून ही कला जन्मली हे मी बिनदिक्कत ठोकून दिलंय. आणि हस्तिदंताचा शौक करणाऱ्यांनी कलेच्या गप्पा मारू नयेत.

काका, तलवारबंदीचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंय. समुराईंना कमरेला तलवार लावून फिरायची बंदी १८७६ साली झाली, तलवारीची मूठ आणि मुठीपुढची चकती सजवणारे कारागीर बेकार झाले आणि त्यातले बरेच अशा वस्तूंकडे वळले, इथवर ठीक. पण जन्म तेव्हाचा नव्हे. ओसाकाच्या इनाबा त्सुर्यू यांचा ‘सोकेन किशो’ हा ग्रंथ १७८१चा. सात भागांचा हा ग्रंथ मुख्यतः तलवारीच्या साजाबद्दल आहे आणि शेवटच्या भागात पन्नासहून अधिक नेत्सुके (अशा कमरगुंड्या) घडवणाऱ्या कारागिरांची नोंद आहे. म्हणजे ही दोन कामं जवळजवळ शंभर वर्षं आधीच एका पंगतीला बसलेली होती. ते वाक्य दुरुस्त करतो.

हस्तिदंताचंही लगेच सांगून टाकतो. माझ्या दोन्ही कागामिबुतांच्या झाकणाखालच्या वाट्या लाकडाच्या आहेत. बऱ्याच कागामिबुतांची वाटी हस्तिदंती असते हे खरं, पण मी ती घेत नाही. भारतात १९९१च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे, आणि जी वस्तू घरी आईला दाखवायला नेता येत नाही ती घेऊन करू काय?

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. किमोनोला खिसा नसतो. आपल्याकडे चंची कनवटीला खोचायचे, तिकडे तंबाखूची पिशवी नाहीतर औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याला टांगायचे. दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला जी गुंडी, ती नेत्सुके. कागामिबुता म्हणजे ‘आरसा-झाकण’: खाली छोटी वाटी, वर धातूची गोल चकती. दोरी वाटीच्या बुडातल्या भोकातून वर येते आणि चकतीच्या पोटाला असलेल्या कडीत बांधली जाते. खाली ओझं लटकलं की झाकण आपोआप घट्ट बसतं. स्क्रू नाही, बिजागरी नाही.

आता काजळी. त्या काळ्या धातूचं नाव शाकुदो. तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं. ओतून, ठोकून तयार झाला की तो तांब्यासारखाच दिसतो, तुम्हालासुद्धा फरक कळणार नाही. मग चकती लख्ख करतात, किसलेला पांढरा मुळा लावतात आणि मोरचूद व रोकुशो घातलेल्या पाण्यात उकळतात. रोकुशो म्हणजे मुख्यतः तांब्याचा कळंकच, ज्याच्याशी तुमच्या घराण्याने जन्मभर वैर धरलं! त्या पाण्यात शाकुदो निळसर काळा होतो, अगदी कावळ्याच्या पंखासारखा. त्याच पाण्यात शुद्ध तांबं तपकिरी-लाल होतं, तांबं-चांदीचा शिबुइची राखाडी होतो आणि सोनं ढिम्म हलत नाही. म्हणजे चार-पाच धातू जडवलेली चकती एकाच पातेल्यात घालायची आणि प्रत्येकाने आपापला रंग घेऊन बाहेर यायचं. सोनं इथे विरजणासारखं आहे. चमचाभर असतं, पण ते नसेल तर दूध दूधच राहतं. विरजणाचा भाव कोणी वजनावर करत नाही.

फोटोतल्या चकतीवर ढोलावर कोंबडा बसलाय, त्यालाही तुम्ही नावं ठेवलीत. जुनी चिनी गोष्ट आहे. राजाने दाराशी ढोल ठेवला, गाऱ्हाणं असेल त्याने वाजवावा. राज्य इतकं नीट चाललं की ढोल कोणी वाजवेना आणि कोंबडा त्यावर निवांत बसू लागला. तुरा तांब्याचा, अंग चांदीचं, शेपूट शाकुदोचं. भिंग लावून पाहिलं तर शेपटीच्या प्रत्येक पिसावर केसासारख्या रेघा आहेत. काळेपणा काढला की शेपूट आणि तुरा एका रंगाचे होतील.

हे मी ठामपणे सांगतोय, कारण मी ते केलंय. दुसऱ्या फोटोतली, उजव्या कडेला गुलाबी डाग असलेली चकती माझी पहिली खरेदी. क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, तिथली. आईने चिंच लावून तांब्या घासावा तशी मी ती फडक्याने आणि पॉलिशने घासली. फडक्यावर काळं येत होतं आणि मी खूश होत होतो. पाच मिनिटांनी खाली तांबं दिसलं. तो रंग इतका पातळ असतो की नखाला जाणवतही नाही. जाणकार कारागीर पुन्हा उकळून रंग चढवेल, पण घासताना कोरीव रेघांच्या ज्या कडा गेल्या त्या गेल्याच.

आणि काळा रंग मुद्दाम चढवायची रीत आपल्याला परकी कुठे आहे? बिदरी सुरई आठवा. जस्ताच्या धातूत चांदी जडवतात, मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून अंग काळं करतात. चांदी पांढरीच राहते. कल्हईसाठी तुमच्या घरात नवसागर असायचाच.

शेवटी तुम्ही विचारलंत की आजोबांच्या हातचा बंब आता घासू की नको. खुशाल घासा, तो त्यासाठीच आहे. दिवाळीत पुण्याला येतोय, दोन्ही चकत्या आणतो. घरी येईन तेव्हा चिंच तेवढी आत ठेवा.