फ्रेंच शिकताय? मग इंग्रजी जरा बाजूला ठेवा

फ्रेंच शिकतेय म्हटलं की मुंबईत पहिला प्रश्न येतो, "कॅनडा का?" पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना), एक्सप्रेस एंट्री (त्यासाठी अर्ज करायची पद्धत), टीईएफ (फ्रेंचची परीक्षा), सगळ्यांना सगळं तोंडपाठ असतं, आणि २०२३ पासून तिथे फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, निघायला लागल्यावर तर विचारूच नका. मला कुठेही जायचं नाहीये. अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलं होतं, मार्क मिळाले, विषय संपला. आता हौसेने पुन्हा ऑनलाईन सुरू केलंय, ए१ म्हणजे पहिली पातळी झाली आणि ए२ म्हणजे दुसरीत घुटमळतेय. पण इथवर आल्यावर माझं एक मत अगदी पक्कं झालंय ते लिहूनच टाकते. आपण मराठी माणसं फ्रेंच इंग्रजीतून शिकतो हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे.

ए१ ला हे कळत नाही. नाव सांगा, कॉफी मागा, वार, रंग, घरातली माणसं, ॲपवर टकटक करत आपण पुढे सरकतो आणि खूप येतंय असं वाटतं. ए२ ला भूतकाळ येतो, पासे काँपोझे, आणि तिथे भलेभले अडकतात. त्यात दोन सहायक क्रियापदं असतात, आव्वार (जवळ असणं) आणि एत्र (असणं). बहुतेक क्रियापदं आव्वार घेतात, पण जाणं, येणं, पडणं, जन्मणं, मरणं, मागे राहणं अशी मोजकी एत्र घेतात आणि मग कर्ता स्त्री की पुरुष त्याप्रमाणे रूप बदलतं. इंग्रजीवाल्यांना हे सगळंच अजब, म्हणून त्यांनी पाठांतरासाठी 'डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रँप' नावाचं जोडपं बनवलंय, नावातल्या एकेका अक्षराला एकेक क्रियापद. आमच्या बॅचलाही तेच घोकायला दिलं. आणि बॅचमध्ये कोण, तर डोंबिवली, परळ, नाशिक, पुणे, स्क्रीनवर एकूण एक मराठी आडनाव!

अहो पण आपण रोज काय बोलतो? तो गेला, ती गेली, ती पडली. पण तिने चिठ्ठी लिहिली, त्याने आंबा खाल्ला. म्हणजे क्रियापदांचे दोन गट आणि कधी कर्त्याप्रमाणे, कधी कर्माप्रमाणे बदलणारं रूप हे आपण बोलायला लागल्यापासून करतोय, कोणी घोकून घेतलं नाही. 'मी गेले' हे बाईने म्हटलं की 'ज स्वी आले' (हो, गेले म्हणजे आले, हसून घ्या एकदा) लिहिताना शेवटी एक जादा ई लावायचा, बस. जिथे मराठीत 'त्याने' लागतं तिथे फ्रेंचमध्ये सहसा आव्वार टाका, फक्त 'स' (स्वतःला) लावून येणारी क्रियापदं सोडून. उलटं मात्र चालत नाही हां, तो झोपला, तो हसला, तो धावला यात आपल्याकडे 'ने' नाही पण फ्रेंच तिथेही आव्वारच घेतं, तेवढं लक्षात ठेवावं लागतं.

आणि ज्या नियमाला सगळे घाबरतात, कर्म आधी आलं तर रूप बदलतं, तो तर आपल्या घरचाच आहे. मी लिहिलेला शब्द, 'ल मो क जे एक्री'. मी लिहिलेली चिठ्ठी, 'ला लेत्र क जे एक्रीत'. शेवटचा तो 'त' ऐकू येतो बघा, तोच आपला 'ला'चा 'ली'. हे शिकवायला पाऊण तास इंग्रजीतून स्लाईड्स चालल्या होत्या, कॅमेरे बंद, कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, आणि शेवटी सगळ्यांचं 'येस, क्लिअर'. कोणालाही काहीही क्लिअर झालेलं नव्हतं.

उच्चारांचं तेच. इंग्रजीत वाचलं की आपली जीभ आपोआप ट आणि ड काढते, फ्रेंचचा मात्र सरळ दातावरचा त आणि द आहे, आपल्या बाराखडीतला. मी वहीत सगळं देवनागरीतच लिहिते आता. बॅचमध्ये परळच्या एक काकू आहेत, मूळच्या मालवणकडच्या, व्याकरणात त्यांची बोंब, पण सरांनी वाइन, पाव आणि चांगला हे तीन शब्द म्हणायला सांगितले तर व्हँ, पँ, बों असे नाकातून खणखणीत आले की सर दोन सेकंद गप्पच. जन्मभर 'खंय' म्हणणाऱ्या बाईला नाकातला स्वर कोण शिकवणार! बाकीचे आम्ही 'बॉन' म्हणत बसलेलो. फ्रेंच 'तू'मधला स्वर मात्र आपल्याकडे नाही, तोंडात ई म्हणायची आणि ओठ ऊ चे करायचे, आरशासमोर करा, घरचे बघत नसताना.

अहो-जाहो आणि अरे-तुरे यावर तर त्या कोर्समध्ये अख्खा धडा होता. आपल्याला?

आकड्यांवरून पण फार हसतात लोक, ऐंशीला चार-वीस, सत्त्याण्णवला चार-वीस-सतरा म्हणतात म्हणून. एकोणऐंशी म्हणणाऱ्यांनी हसू नये. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा आपणच केवढा गदारोळ केला होता. स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदसाठी सरळ शब्द आहेत, सेप्तांत आणि नोनांत, पण फ्रान्सवाले आपलं सोडत नाहीत.

आता मराठी सगळीकडे तारून नेते असं मी म्हणत नाहीये. टेबल स्त्रीलिंगी, चंद्र पण स्त्रीलिंगी, तिथे पाठ करणं आलंच. 'कॉफी पिते' म्हणताना कॉफीच्या आधी जो 'द्यू' लावतात तो माझ्या डोक्यात अजून बसत नाही. आणि ऐकणं! लिहिलेलं असतं तीन प्रकारे, पार्ल, पार्ल, पार्ल, कानाला तिन्ही सारखंच, आणि 'मला माहीत नाही' हे पुस्तकात चार शब्दांचं वाक्य, बोलताना नुसतं 'शे पा'. यावर ॲप काहीच कामाचं नाही, तिथे एक बाई सावकाश आणि स्पष्ट बोलते, तसं जगात कोणीच बोलत नाही. मी आरएफआय या फ्रेंच रेडिओचं 'जुर्नाल आं फ्रांसे फासील' लावते, सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या, फुकट, सोबत ट्रान्सक्रिप्ट. डोंबिवलीला गाडीत चढल्यापासून मुंब्र्यापर्यंत एक भाग होतो. आधी नुसतं ऐकायचं, मग वाचत ऐकायचं, वाचायला मिळालं तर, कारण दिवा स्टेशननंतर गर्दीत मोबाईल धरलेला हात वर काढता येईलच असं नाही. ए२ ला ते जडच जातं, पण निदान खरी माणसं बोलतात.

तर फ्रेंच चांगलं येणाऱ्या कोणी मराठीतून बॅच काढायचं मनावर घ्या. भूतकाळ दोन लेक्चरमध्ये संपेल आणि त्या 'द्यू'चंही काहीतरी बघता येईल. फी भरायला मी तयार आहे, फक्त रात्री नऊच्या आधी ठेवू नका, तोवर मी घरी पोचत नाही.