‘आय-सेव्हन घ्या, ग्राफिक्स कार्ड नंतर बसवा’ म्हणे!

परवा रात्री साडेअकराला ताईचा मेसेज आला. ‘हे वाच आणि बरोबर आहे का सांग. ही उद्या ऑर्डर टाकतेय.’ खाली लांबलचक फॉरवर्ड: ‘कमी बजेटमध्ये गेमिंग लॅपटॉप घेताय? हे सहा नियम तुम्हाला कोणीही सांगणार नाही.’ शेवटी जोडलेल्या हातांचे तीन इमोजी आणि ‘पुढे पाठवा, कुणाचे तरी पैसे वाचतील.’

हाच मेसेज त्याआधी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता आणि मी न वाचताच पुढे सरकवला होता. आता माझी भाची त्यावर विसंबून दोन वर्षं साठवलेले पैसे घालायला निघाली होती, म्हणून वाचावा लागला. वाचला आणि झोप उडाली. तिने निवडलेल्या लॅपटॉपवर इंटेलच्या आय-सेव्हन प्रोसेसरचा स्टिकर होता, ३२ जीबी रॅम होती आणि स्वतंत्र ग्राफिक्स चिप नव्हतीच. ‘मावशी, कार्ड पुढच्या वर्षी बसवेन ना, मेसेजमध्ये लिहिलंय,’ असं ती अगदी शांतपणे म्हणाली.

तर पहिला नियम हाच. ‘प्रोसेसर आय-सेव्हनच घ्या, तो बदलता येत नाही. ग्राफिक्स कार्ड नंतर बसवता येतं.’

बसवणार कुठे? डेस्कटॉपच्या डब्यात मदरबोर्डवर खाच असते, तिथे कार्ड खोचायचं, स्क्रू पिळायचा, झालं. लॅपटॉपमध्ये ‘कार्ड’ नावाची वस्तूच नसते. ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, तिच्या शेजारी तिची स्वतःची मेमरी, तीही सोल्डर केलेली. त्या दोघींची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या आणि पंखे त्याच मॉडेलच्या मापाने बनवलेले असतात. ज्या लॅपटॉपमध्ये ही चिप नाही त्यात तिच्यासाठी जागा नाही, वीज नाही आणि हवा नाही. प्रोसेसर बदलता येत नाही हे खरं, पण ज्या कारणाने तो बदलता येत नाही त्याच कारणाने ग्राफिक्सही बदलता येत नाही. अर्धं वाक्य खरं सांगायचं आणि उरलेलं अर्धं मनाने रचायचं, ही या फॉरवर्डांची जुनी खोड.

अपवाद आहेत, तेही सांगते, नाहीतर कोणीतरी तेवढंच धरून बसेल. पूर्वी काही जाडजूड लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाचं काढता येणारं कार्ड असायचं. आज फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग मागून काढता-घालता येतो. आणि थंडरबोल्ट नावाचं वेगवान पोर्ट असेल तर बाहेरच्या डब्यात डेस्कटॉपचं कार्ड ठेवून ते वायरने जोडता येतं. पण त्यासाठी डबा घ्या, त्यात वीजपुरवठा घ्या, वर कार्ड घ्या, आणि एवढं करून ती वायर कार्डाचा वेग थोडा खाणार तो खाणारच. कमी बजेटच्या माणसाला हा उपाय सांगणं म्हणजे बस परवडत नाही म्हणणाऱ्याला टॅक्सी करायला सांगणं.

आता त्या आय-सेव्हनबद्दल. आडनाव सारखं म्हणून कर्तृत्व सारखं असेलच असं नाही. भाचीच्या निवडीत होता आय-सेव्हन १२५५यू. ऐकायला दहा कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), पण त्यातले जोरकस कोर फक्त २, उरलेले ८ वीज वाचवणारे. त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट. त्याच पिढीतला आय-फाइव्ह १२४५०एच बघा: एकूण ८ कोर, पण जोरकस ४, आणि मूळ मर्यादा ४५ वॅट. गेमला थोडे पण वेगवान कोर तासन्‌तास चालायला हवे असतात. म्हणजे ‘कमी दर्जाचा’ आय-फाइव्ह इथे जास्त कामाचा. ‘आय’नंतरच्या आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर बघायचं. यू म्हणजे बॅटरी पुरवून वापरणारा, एच म्हणजे राबणारा.

आणि प्रोसेसर कितीही तगडा असला तरी पडद्यावरचं चित्र तो रंगवत नाही. काय रंगवायचं हे तो सांगतो, रंगवते ग्राफिक्सची चिप. ती अशक्त असेल तर आय-सेव्हन नुसता ताटकळत बसतो. त्या लॅपटॉपमधले, प्रोसेसरच्याच आत असलेले आयरिस एक्सई ग्राफिक्स हलक्या, जुन्या खेळांना पुरतात, नाही असं नाही. पण २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सवरचा गेम किंवा २०२५ मधला नवा डूम यांना रे-ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवण्याचं, हार्डवेअर लागतंच. ते आयरिस एक्सईत नाही. म्हणजे गेम हळू चालेल असं नव्हे, तो चालतच नाही. भाचीच्या यादीत यातला एक गेम पहिल्या क्रमांकावर होता.

दुसरा नियम: ‘४०६० म्हणजे ४०६०. जो लॅपटॉप स्वस्त मिळेल तो उचला.’

४०६० हे एका ग्राफिक्स चिपचं नाव. याला उत्तर द्यायला माझी गरज नाही, ज्या कंपनीची ही चिप आहे तिचाच तक्ता पुरे. एनव्हिडियाने आपल्या साइटवर लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० समोर वीज लिहिली आहे ३५ ते ११५ वॅट. आणि त्याच रकान्यांत बूस्ट क्लॉक, म्हणजे चिपचा कमाल वेग, १४७० ते २३७० मेगाहर्ट्झ. पुन्हा वाचा. एकच नाव, एकच स्टिकर, पण वीज तिपटीहून अधिक बदलते. किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ, सडपातळ, दिसायला देखणं मॉडेल असेल तर उष्णता बाहेर टाकायला जागा कमी, म्हणून वीजही कमी. खालचा क्लॉक वरच्याच्या साधारण ६२ टक्के भरतो. म्हणजे ‘तोच’ लॅपटॉप स्वस्तात मिळाला म्हणून आनंदाने उचलणारा बऱ्याचदा त्या चिपचा एक तुकडाच घरी नेतो.

त्याच तक्त्यात ४०५० आणि ४०७० समोरही ३५ ते ११५ हीच पट्टी आहे. त्यामुळे भरपूर वीज मिळालेला ४०५० आणि उपाशी ठेवलेला ४०६० यांच्यात कोण पुढे, हे नावावरून सांगताच येत नाही. आणखी एक गंमत. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कुडा कोर (चिपमधले आकडेमोड करणारे छोटे भाग) आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ‘४०७०’ मध्ये ४६०८ कोर आणि ८ जीबी. नाव मात्र तेच. तेव्हा डेस्कटॉपवरचे चाचणीचे व्हिडिओ बघून लॅपटॉप निवडू नका, आपल्याच मॉडेलची चाचणी शोधा.

हा वॅटचा आकडा मोठ्या अक्षरांत कुठेच नसतो. मॉडेलच्या पानावर तळाशी ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावाने शोधायचा. लॅपटॉप हाताशी असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की दिसतो. पानावर नसेल तर विचारायचा, आणि विचारूनही मिळाला नाही तर ते मॉडेल सोडायचं.

तिसऱ्या नियमात ३२ जीबी रॅम कंपनीतूनच भरून घ्यायला सांगितली आहे. इथे मला खरोखर हसू आलं. जे नंतर बसवता येत नाही ते नंतरवर ढकलायचं, आणि जे पाच मिनिटांत बसवता येतं त्याचे पैसे आत्ता मोजायचे! बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन खाचा असतात. आज १६ जीबी पुरते. ती एकाच पट्टीत नको, ८-८ च्या दोन पट्ट्यांत हवी, कारण दोन पट्ट्यांनी वाहतुकीचा रस्ता दुप्पट रुंद होतो: डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅममध्ये सेकंदाला २५.६ जीबीवरून ५१.२ जीबी. फक्त त्या मॉडेलची रॅम सोल्डर केलेली नाही ना, एवढं आधी बघा. काही पातळ मॉडेलांत असते.

चौथा, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, स्क्रीन असला की गेम १४४ फ्रेमने, म्हणजे सेकंदाला तेवढ्या चित्रांनी, चालतो. नाही चालत. स्क्रीन दाखवतो, बनवत नाही. चिप ५० फ्रेम बनवत असेल तर ५०च दिसणार. स्वस्त मॉडेलांत बघायचं ते वेगळंच. १४४ चा आकडा ठळक छापायचा आणि रंग ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो याचं माप) असे बारीक लिहायचे, ही नेहमीची युक्ती. लाल रंग विटकरी दिसतो असा तो पडदा.

पाचव्या नियमाने मात्र डोकं फिरलं. ‘गेम खेळताना चार्जर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी फुगते.’

साधा भागाकार करू. ग्राफिक्स ११५ वॅट, प्रोसेसर ४५ वॅट, झाले १६०. बॅटरी समजा ६० वॅट-अवर, म्हणजे ६० वॅट तासभर पुरवणारी. पूर्ण जोराने चालवलं तर बावीस-तेवीस मिनिटांत संपेल. वेगळी परवानगी न घेता विमानात सोबत न्यायची मर्यादा १०० वॅट-अवर असल्याने मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९ च्या आसपास थांबते, म्हणजे जास्तीत जास्त सदतीस मिनिटं. प्रत्यक्षात तेवढंही होत नाही, कारण बॅटरी एवढी वीज एका दमात देऊ शकत नाही आणि लॅपटॉप स्वतःच ग्राफिक्सचा गळा आवळतो. पैसे मोजले ११५ वॅटचे आणि खेळायचं त्याच्या छोट्याशा हिश्शावर. वर रोज बॅटरी तळापर्यंत रिकामी करून पुन्हा भरायची, म्हणजे तिचं आयुष्य आपल्याच हाताने झिजवायचं. हा सल्ला ज्याने लिहिला त्याने गेमिंग लॅपटॉपवर कधी गेम खेळलेला नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे.

यात खरं आहे ते एवढंच, की बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली तर लवकर थकते, कधी फुगतेही. त्यावर उपाय चार्जर काढणं हा नाही. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करायची. चार्जर सोबत आलेलाच लावायचा, आणि लॅपटॉप गादीवर ठेवून तळाची जाळी झाकायची नाही. आणि तापमान ९० च्या वर गेलं म्हणून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. या वर्गातल्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. तिथे पोहोचले की ते जळत नाहीत, आपोआप वेग कमी करतात. पैसे दिलेला वेग मिळत नाही ही तक्रार रास्त, पण ती वेगळी.

सहावा नियम, मागच्या पिढीचं घ्या. हो, हे बरोबर आहे. सहापैकी एक बरोबर येणारच होता. लॅपटॉपच्या ३०६० मध्ये ३८४० कोर आणि मेमरीचा रस्ता १९२ बिट रुंद, तर त्याच्या पुढच्या पिढीतल्या ४०५० मध्ये २५६० कोर आणि ९६ बिट. पूर्ण विजेचा जुना ३०६० बरा मिळत असेल तर जरूर घ्या. डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम चिपनेच रचून भरायची सोय) त्यात मिळणार नाही, एवढं धरून चला. पण जुनं ओळखायचं कसं, ते मेसेजमध्ये नाही. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या प्रोसेसरांच्या ७००० मालिकेतलं उदाहरण घ्या. रायझन ५ ७५२०यू नावाने २०२३ चा वाटतो, पण एएमडीच्याच नियमानुसार तिसरा आकडा आतली रचना सांगतो (या रचनांचं नाव झेन, आकडा मोठा तितकी ती नवी). तिथे २ म्हणजे झेन २, ४ म्हणजे झेन ४. म्हणजे ७५२०यू च्या आत जुनी रचना नवं नाव लावून बसली आहे, आणि ७८४०एचएस खरोखरचा त्या पिढीचा.

हे सगळं मी रात्री एक वाजता भाचीला लिहून पाठवलं. ऑर्डर थांबली. दुसऱ्या दिवशी तिने एका विक्रेत्याला चॅटवर विचारलं, ग्राफिक्सला वीज किती? उत्तर आलं, ‘१८० वॅट मॅडम, एकदम पॉवरफुल.’ मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘मावशी, हा चार्जरचा आकडा सांगतोय ना?’ संध्याकाळपर्यंत तिला एक मॉडेल सापडलं: ४०५०, तळाशी बारीक अक्षरांत ९५ वॅट, आय-फाइव्ह १२४५०एच, ८ जीबीची एक पट्टी आणि शेजारी एक रिकामी खाच. तिने ते ताईला दाखवलं.

ताईने सगळं वाचलं आणि मला फोन केला. ‘अगं पण, यात आय-सेव्हन नाही?’